वाटीच्या माळावर कोंडीरामची हलगी

१ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनीची अरुंद रुळांची गाडी भारत सरकारने ताब्यात घेतली. एवढे एक वाक्य सरकारी कागदात तपासून पाहता येते. त्याच दिवशी तेरच्या रेल्वे गँगमधल्या कोंडीरामने आपली हलगी कायमची खुंटीला टांगली, याला मात्र कोंडीरामच्या शब्दापलीकडे आधार नाही. त्याच्या बायकोला, मथुराबाईला, तर ते मुळीच मान्य नाही.

"जानेवारी कशाचा? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी टांगली. म्या भुई सारवत व्हते. तुमी खुंटी ठोकली, ती निसटून माझ्या सारवणात पडली. ध्यानात न्हाय व्हय?"

"खुंटी पोळ्याला ठोकली. हलगी जानेवारीत टांगली."

"मग मधले चार महिने खुंटीला काय टांगलं व्हतं? तुमचं शहाणपण?"

 कोंडीराम हसतो, मिशीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "हिच्याशी वाद म्हंजी मालगाडीला हात दावण्यागत. थांबत न्हाय."

तारखेविषयी दोघांचे जमत नसले, तरी हलगी का टांगली याविषयी दोघेही एकच सांगतात. कोंडीरामचा जन्म तेरणा नदीच्या काठी, तेरपासून कोसभर अंतरावरच्या एका वाडीत झाला. तो रांगत होता तेव्हा वडिलांनी बाप्तिस्मा घेतला. घरातल्यांची नावे होती तीच राहिली. भिंतीवरचे देव उतरले, जेवणाआधी प्रार्थना आली. गावकी मात्र सुटली नाही. हलगी वाजवणे हे त्या घराकडे पिढ्यान्पिढ्या आलेले गावचे काम होते. पोळा असो, वरात असो, मयत असो की दवंडी असो, वाड्यावरून निरोप यायचा, "कोंड्या, हलगी घेऊन ये." या वाक्यात विनंतीला कुठेही जागा नव्हती आणि नकाराला तर नव्हतीच.

एका उन्हाळ्यात वरातीपुढे वाजवता वाजवता त्याच्या घशाला कोरड पडली. त्याने पाणी मागितले. "आधी वाजव, मग पाणी," असे उत्तर आले. त्याने वरात मांडवापर्यंत पोचवली, पाणी न पिता वाडीचा रस्ता धरला आणि घरी येऊन, दारातच उभा राहून, मथुराबाईला म्हणाला, "आता कुणाच्या सांगण्यावरनं हलगी वाजवायची न्हाय. देवबापासमोर सांगतो." दोघांच्या आठवणींत बाकी पावलोपावली फरक आहे, या दोन वाक्यांत एका अक्षराचाही नाही.

पुढे त्याला रेल्वेच्या गँगमध्ये काम मिळाले आणि दोघे तेरला राहायला आले. रूळ उचलायचे, खडी भरायची, घनाने खिळे ठोकायचे. कंपनी जाऊन सरकार आले तशी नोकरीही पक्की झाली. वाडीवरून निरोप आला की कोंडीराम आता ताठ मानेने सांगू लागला, "ड्युटीवर हाय." हलगी खुंटीवर राहिली. सणावाराला मथुराबाई तिच्यावरची धूळ पुसायची. तो तिकडे बघायचासुद्धा नाही. निदान तो स्वतः असे म्हणतो.

ही गोष्ट ज्या मेळ्याची आहे तो १९५५ मध्ये सुरू झाला. तो सुरू केला बंडप्पांनी. बंडप्पा मूळचे नळदुर्गाकडचे, कर्नाटकाच्या सीमेवरचे. शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले आणि पुढची सगळी वर्षे त्यांनी गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून कीर्तन करीत पायी हिंडण्यात घालवली. हिंडताना त्यांच्या ध्यानात आले, की प्रत्येक गावची मंडळी तीच भजने गाते, पण चाल ज्या त्या गावच्या मातीची. ईट गावची चाल सावकाश, परंड्याची ठसक्याची, तेरची पाण्यासारखी वळणे घेणारी. या सगळ्यांनी वर्षातून एकदा एकत्र बसून गावे, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी मेळ्याची एक नोंदवही ठेवली होती. तिच्यात दर वर्षी आलेल्या मंडळ्यांची नावे, माणसांची संख्या आणि एखाद-दुसरी ओळ आहे. बंडप्पा बोलायला जितके सैल होते, तितकेच लिहायला चिकट होते.

जागा निवडली ती येडशीजवळच्या डोंगरात. बालाघाटच्या त्या रांगेत एक खोलगट माळ आहे. तीन बाजूंनी उतार, चौथ्या बाजूला, जरा दूर, काळा उभा कडा. मेळ्याची माणसे त्याला वाटीचा माळ म्हणत. नाताळ उरकला, की जानेवारीतल्या एका शुक्रवारी मंडळ्या निघायच्या आणि रविवारी दुपारी परतीला लागायच्या.

तेरहून येडशीपर्यंत गाडी. कोंडीराम एरवी त्याच रुळांवर वाकून काम करायचा. मेळ्याच्या दिवशी तो डब्यात बसून खिडकीतून आपलेच काम तपासायचा. "ह्यो जोड म्या बसवला," "हितं खडी कमी पडली," असे त्याचे चालू असायचे आणि मथुराबाई म्हणायची, "आवो, आज तरी रूळ सोडा. गाडी रुळावरनंच चालली हाय, तुमच्या जिवावर न्हाय." डब्यात पेटी निघायची, झांजा निघायच्या. चढण लागली, की गाडी इतकी मंदावायची, की तरणी माणसे म्हणत, उतरावे, चार बोरे तोडावीत आणि मागच्या डब्यात चढावे. असे खरोखर कुणी केले का, याची नोंद अर्थातच नाही.

माळावर पोचल्यावर पहिले काम एकच असे. एक मोठी पासोडी अंथरायची, प्रत्येक घराने आपल्या शिदोरीतल्या भाकरी तिच्यावर ठेवायच्या आणि उचलताना आपली सोडून दुसऱ्याची उचलायची. हा बंडप्पांचा नियम. "आपलीच भाकर खायची, तर घरी काय वाईट होतं की रं?" असे ते विचारायचे. कुणाची भाकर जाड, कुणाची पापडासारखी, कुणाची तीळ लावलेली. मथुराबाईची भाकर एका कडेला हमखास करपलेली असे. परंड्याच्या एका म्हातारीच्या वाट्याला ती लागोपाठ तीन वर्षे आली. चौथ्या वर्षी म्हातारीने पासोडीपाशीच विचारले, "ती करपीवाली आली का गं यंदा?" तेव्हापासून मथुराबाई तिला आत्या म्हणू लागली.

या भाकरीचे कोंडीरामला अप्रूप होते. वाडीत त्याच्या ओंजळीत पाणीही वरून पडायचे. इथे बंडप्पा त्याच्या हातात हात देऊन "सलाम, कोंडीराम" म्हणायचे आणि कुणा अनोळखी घरची भाकर तो आपल्या हाताने उचलायचा. वर्षातले तीन दिवस त्याला कुणी "कोंड्या" म्हणत नसे. मेळ्याविषयी विचारले, की तो आधी भजनांचे बोलत नाही, भाकरीचे बोलतो.

मेळ्याला एकच दुखणे होते. प्रत्येक मंडळी आपापली चाल सुरेख गायची. पण रविवारी शेवटी सगळ्यांनी मिळून एक गीत गायचे, ते दर वर्षी फाटायचे. पुढचे लोक कडव्याच्या शेवटाला आलेले असत आणि मागचे अजून त्याच शब्दावर रेंगाळलेले असत. वर कडा आपले तिसरेच काहीतरी ऐकवायचा. शेवटी पेटीवाला भाता सोडून द्यायचा आणि सगळे हसत उठायचे. पण हसण्यात थोडी नाचक्की असे.

दोष कुणाचा, याविषयी कुणाला शंका नव्हती. ईटची मंडळी माळाच्या पार मागच्या टोकाला बसायची, तीच ओढते. "ईटकरांचं गाणं म्हंजी पाणंदीतली बैलगाडी," असे परंडेकर म्हणायचे. "तुमचं गाणं म्हंजी बैल सुटलेली," असे ईटकर उत्तर द्यायचे. १९५८ मध्ये बंडप्पांनी उपाय म्हणून ईटकरांना उचलून पुढे बसवले आणि परंडेकरांना मागे. गीत पुन्हा फाटले. या वेळी परंडेकर ओढत होते. तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. "परंड्याला ईटचा वारा लागला," एवढाच निष्कर्ष निघाला.

शुक्रवार, ९ जानेवारी १९५९. भाकरी वाटून झाल्यावर बंडप्पा उठले.

"ऐका. यंदा गीत फाटलं, तर पुढच्या वर्षी मेळा हितं न्हाई. गावातल्या देवळात घेऊ. छपराखाली तरी आवाज सांडणार न्हाई."

तिथल्या बोलीत ख्रिस्ती मंदिरालाही देऊळच म्हणत.  मथुराबाई पासोडी आवरत आवरत मोठ्याने बोलली, "देवळात बसायला जागा शंभराची. हितं साडेतीनशे माणूस हाय. म्हंजी पेटीवाले जाणार, झांजावाले जाणार. आमी बायका पोरं घिऊन घरीच. अन् ही पासोडी कुठं घालायची? बाकाखाली?"

"मथुराबाई, मी काय करू? सांगा तुम्हीच."

"म्या काय सांगू? म्या करपीवाली."

लोक हसले. कोंडीराम हसला नाही. तो मागच्या रांगेतला गाणारा होता. शंभरात त्याचा नंबर लागणार नव्हता, हे त्याला मथुराबाईच्या आधी कळले होते. हातातली भाकर त्याने अर्धी मोडली आणि तशीच धरून बसला.

शनिवारी दुपारी गफार मुकादम डोंगर चढून आले. गफार हे कोंडीरामच्या गँगचे मुकादम. तेरचेच, पाच वेळचे नमाजी, आवाज असा की मालगाडीच्या पलीकडून हुकूम ऐकू यावा. रविवारच्या भातासाठी त्यांच्या घरची मोठी देगची लागायची. दर वर्षी ती कोंडीराम आणायचा. या वर्षी ते स्वतःच दोघांच्या खांद्यावर ती देऊन आले. "सलाम, मियाँ," कोंडीराम म्हणाला. "सलाम, कोंडिबा," गफार म्हणाले आणि उतारावर सावली बघून टेकले. समोर सगळ्यांच्या गीताचा सराव चालू होता आणि नेहमीप्रमाणे फाटत होता. थोडा वेळ त्यांनी मान तिरकी करून ऐकले.

"क्या रे कोंडिबा, दोन गाणी एकदम कामून म्हणता?"

"मियाँ, एकच हाय ते."

"मग मला दोन कामून ऐकू येतंय?"

"ईटवाले ओढतात."

"कुठं बसलेत ईटवाले?"

कोंडीरामने बोट दाखवले. ईटकर यंदा मधोमध होते. मागे या खेपेला खुद्द तेरची मंडळी होती आणि मागे पडत होती तीही तेरचीच. कोंडीरामचे बोट तसेच हवेत राहिले.

गफारांनी पागोटे मागे सारले. "आपल्या लायनीवर लांबचा माणूस घन मारतो, तवा काय व्हतं रे? चोट आधी दिसती का ऐकू येती?"

"आधी दिसती. आवाज मागनं येतो."

"कामून?"

"लांबनं यायला टाइम लागतो त्याला," कोंडीराम म्हणाला आणि उठून उभा राहिला. "मियाँ! मागच्याला पेटी उशिरा ऐकू येती. त्यो बिचारा ऐकल्यावर म्हणतो. म्हंजी त्याची चूक न्हाय!"

"ईटवाल्यांची माफी माग आधी," गफार म्हणाले.

ही माफी त्याच दिवशी, सर्वांदेखत मागितली गेली. ईटकरांनी ती परंडेकरांकडूनही मागून घेतली आणि वर एकेक गुळाचा खडा वसूल केला. मग कोंडीरामने बंडप्पांना उपाय सांगितला. गँगमध्ये रूळ उचलताना कुणी आवाजावर जोर लावत नाही. मुकादमाचा हात बघून लावतात. कानाने धरले तर मागेपुढे होणार, डोळ्याने धरले तर सगळे एकदम. कुणीतरी उंचावर उभे राहून हाताने ताल दाखवला पाहिजे.

गफारांच्या पिशवीत रेल्वेचा हिरवा झेंडा होता. कोंडीराम तो घेऊन माळाच्या कडेच्या खडकावर चढला. त्याने झेंडा हलवला मात्र, ईटच्या मंडळीतून कुणीतरी इंजिनाची शिट्टी काढली. बायका पदर तोंडात धरून हसू लागल्या. परंड्याची आत्या ओरडली, "गार्डसाहेब, गाडी बार्शीला थांबती का?" हसणे ओसरल्यावर गीत सुरू झाले, पण झेंडा वाऱ्यावर आपल्या मनाने फडफडत होता. ताल नेमका कुठे पडला, हे कुणालाच कळेना. गीत पुन्हा फाटले.

"टोला पायजे," गफार म्हणाले. "हात वर जायला पायजे, खाली यायला पायजे अन् आल्यावर काहीतरी वाजायला पायजे."

तेरच्या मंडळीने एकमेकांकडे पाहिले आणि मग सगळ्यांनी कोंडीरामकडे. कोंडीराम खडकावरून उतरला.

"म्या वाजवत न्हाय."

"अरे कोंडीराम," बंडप्पा पुढे आले, "मी सांगतो की तुला—"

"म्हणूनच न्हाय, मास्तर." तो हे चिडून बोलला नाही. झेंड्याची नीट गुंडाळी करून त्याने ती गफारांच्या हातात दिली आणि पाणी आणायला म्हणून झऱ्याकडे निघून गेला. हलगी तेरला खुंटीवर आहे, असेच तो त्या क्षणी समजत होता.

रविवारी, ११ तारखेला, सकाळी माळावर दहिवर पडले होते. खालच्या शेतातल्या लोकांनी ज्वारीची हिरवी कणसे दिली होती. गोवऱ्यांची आगटी पेटवून हुरडा भाजायचे काम चालू होते. कोंडीराम हात शेकत बसला. पलीकडे तीन दगडांच्या चुलीवर मथुराबाईने पाण्याचे पातेले चढवले होते. तोंड धुवायला ऊन पाणी घ्यावे म्हणून तो तिथे गेला आणि थबकला. पातेल्यावर झाकण म्हणून हलगी होती.

"अगं, हे काय!"

"झाकण."

"ही हितं कशी?"

"वाकळंत गुंडाळून आणली. झाकण लागतंयच की परमुलखात."

"मथुरे, वाफेनं कातडं मऊ पडंल!"

"मग पडू द्या की," मथुराबाई चुलीत फुंकर घालत म्हणाली. "वाजवायची न्हाय, मग मऊ पडलं काय अन् कडक ऱ्हायलं काय."

कोंडीरामने हलगी दोन्ही हातांनी उचलली. कातडे खरेच ओलसर होते. ते दहिवराने की वाफेने, हे सांगता येत नाही, कारण हलगीखाली एक पितळी ताट होते. मथुराबाईने पातेले त्या ताटानेच झाकले होते आणि हलगी नुसती वर ठेवली होती. ताट त्याने पाहिले. बायकोकडेही पाहिले. ती फुंकर घालीतच राहिली.

तो काही न बोलता आगटीशी गेला. हलगी आचेवर धरायची, फिरवायची, जरा दूर न्यायची, पुन्हा जवळ आणायची, याची हातांना कुणी आठवण करून द्यावी लागली नाही. कातडे हळूहळू ताणले गेले. असे ताणले गेले की वाजवणारा बोट मारून पाहतो, हलगी चढली का ते बघतो. त्यावाचून त्याला राहवतच नाही. कोंडीरामनेही बोट मारले. मग आगटीतली एक काडी घेतली आणि कडेला एकच टोला दिला.

टन्न.

समोरच्या काळ्या कड्याने, जरा थांबून, तोच टोला परत दिला.

कोंडीराम कड्याकडे पाहत राहिला. पुन्हा एक टोला. पुन्हा उत्तर. मग त्याने घन मारायच्या संथ लयीत सलग टोले दिले. आधी उत्तर त्याच्या टोल्याच्या पुढेमागे पडत होते. त्याने लय किंचित सैल केली, अजून किंचित केली आणि एका जागी कड्याचे उत्तर नेमके त्याच्या पुढच्या टोल्यावर येऊन बसले. चार वर्षे गीत फाडणारा कडा आता ताल धरीत होता. कोंडीरामच्या मिशीखाली हसू आले.

एव्हाना माणसे गोळा झाली होती. गफार उतारावरून खाली आले होते. बंडप्पा घाईघाईने येत होते. त्यांचा चेहरा उजळला होता, हात पुढे झाला होता आणि तोंड उघडले होते. ते काय म्हणणार, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होते. आणि ते तो शब्द बोलले तर पुढे काय होईल, हे फक्त मथुराबाईला दिसत होते. तिने आगटीवरचा मूठभर हुरडा उचलला आणि शब्द फुटायच्या आत मास्तरांच्या तोंडात कोंबला.

"आधी खा, मास्तर. ऊन ऊन हाय."

हुरडा खरोखर ऊन होता. बंडप्पांच्या डोळ्यांतून पाणी आले. गिळवेना, थुंकवेना, बोलवेना.

कोंडीराम वळला. "मास्तर, काय म्हणत व्हता?"

बंडप्पा शाळामास्तर होते. उत्तर उशिरा का होईना, त्यांना कळले. त्यांनी जोरजोराने मान हलवली, काही नाही म्हणून.

"कुणी काय सांगितलं न्हाय न्हवं मला?" कोंडीरामने सगळ्यांकडे बघून विचारले.

"कोण सांगतंय तुमाला?" मथुराबाई म्हणाली. "सांगून ऐकणारं माणूस असतं तर निसटलेल्या खुंटीचा भितीतला खड्डा बुजवला नसता का?"

"मग ऐका," कोंडीराम म्हणाला. आवाज त्याने नेहमीपेक्षा चढवला होता. "म्या वाजवणार हाय. माझ्या मनानं."

त्याने पळसाच्या फांदीचे, हलगीवर मारायचे जाड टिपरू तोडले, एक बारीक काडी निवडली आणि खडकावर चढला. साडेतीनशे माणसे वाटीत पसरून बसली होती. कालच्या शिट्ट्या आज नव्हत्या. त्याने सांगितले, "पेटीकडं ध्यान देऊ नका. कानानं धरू नका. माझा हात बघा." हात वर गेला. शेवटच्या रांगेतल्या माणसांच्या मानाही वर गेल्या. हात खाली आला, टोला पडला आणि साडेतीनशे तोंडांतून एकच शब्द निघाला.

पहिले कडवे लोकांनी भीत भीत म्हटले. ते फाटले नाही. दुसऱ्या कडव्याला कडा ठीक टोल्यावर उत्तर देतो आहे हे सगळ्यांच्या कानी आले आणि परंड्याच्या आत्याने आनंदाने मांडीवर थाप मारली. तिसऱ्याला ईटकरांना चेव आला. त्या संथ लयीत त्यांची चाल सगळ्यांत शोभून दिसत होती. ज्या सावकाशपणाची चार वर्षे टिंगल झाली, तोच आता साऱ्या माळाने उचलला होता. तेरकर आपली वळणे घेत होते, परंडेकर आपला ठसका देत होते, तरी सगळे टोल्याला एकत्र उतरत होते. खडकावर कोंडीराम घामाने भिजला होता. जानेवारीच्या थंडीत त्याच्या पाठीवरून वाफ निघत होती असे मथुराबाई सांगते. ती मागच्या रांगेत बसली होती हे पाहता, तिला ते दिसणे अवघड आहे. पण ती सांगते.

गीत संपवायचे कुणालाच सुचेना. शेवटचे कडवे पुन्हा, पुन्हा, मग अजून एकदा. अखेर कोंडीरामनेच हात खाली टाकला. शेवटचा टोला कड्याने एकट्याने वाजवला. तो विरल्यावर मथुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन खडकापाशी आली. तो वाकला आणि तिच्या हातून घेऊन पाणी प्यायला. न मागता मिळालेले, म्हणून ते पाणी त्याला आजही आठवते.

मग गफार मुकादमांचा आवाज सगळ्या डोंगरात घुमला, "अरे, माझी देगची!"

भाताकडे लक्ष ठेवायचे त्यांनी आपणहून पत्करले होते. गीत चालू असताना ते बोटांवर ताल मोजीत बसले आणि भात बुडाला लागला. करपलेला भात खाताना परंड्याची आत्या म्हणाली, "हात मथुरीचा लागला म्हणायचा." देगचीचे बूड घासायला तीन गावच्या बायका बसल्या.

बंडप्पांच्या नोंदवहीत ११ जानेवारी १९५९ या तारखेखाली दोनच वाक्ये आहेत: 'सर्वांचे गीत झाले. भात लागला.' पुढच्या वर्षाच्या पानावर जागेच्या रकान्यात 'वाटीचा माळ' असेच लिहिलेले आहे आणि तसेच ते १९६६ पर्यंत आहे. त्या वर्षानंतरची पाने कोरी आहेत.

या सर्व वर्षांत हलगी दर जानेवारीला माळावर गेली. झाकण म्हणूनच गेली. 'वाजव' हा शब्द मेळ्यात कुणी उच्चारायचा नाही, अशी न ठरवता रीत पडली. रविवारी सकाळी बंडप्पा आगटीशी येऊन नुसते म्हणायचे, "थंडी लई आहे बुवा यंदा," आणि खबरदारी म्हणून स्वतःच तोंडात हुरड्याची मूठ भरायचे. थोड्या वेळाने टन्न असा आवाज यायचा आणि कडा उत्तर द्यायचा. आपल्या वाडीतल्या वरातींना मात्र कोंडीराम पुन्हा कधीच गेला नाही.

काही गोष्टी अजून कळलेल्या नाहीत. हलगी पोळ्याला टांगली की जानेवारीत, याला दोन साक्षी आहेत आणि दोन्ही ठाम आहेत. खडकापासून कड्यापर्यंतचे अंतर कुणी मोजलेले नाही. १९६६ नंतर मेळा का थांबला, हे नोंदवहीवरून समजत नाही. आणि त्या रविवारी साडेतीनशे माणसांनी म्हटलेले गीत कोणते होते, हेही अज्ञात आहे: बंडप्पांनी नाव लिहिले नाही, मथुराबाई एक गीत सांगते, ईटकर दुसरेच सांगतात, गफार मुकादमांना चाल आठवते, शब्द नाहीत, आणि कोंडीराम म्हणतो की त्याने शब्द ऐकलेच नाहीत, त्याचे कान कड्याकडे होते.